सोडलं की थांबणारं मशीन

गीताबाईला कोयत्याची भीती कधी वाटली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ती सुग्रीवबरोबर ऊसतोडीला गेली. तोडीवर नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. तसा त्यांचा एक कोयता बरीच वर्षं चालला. कधी बोट कापलं, कधी पोटरीला पातं लागलं. चिंधी बांधायची आणि पुढचा ऊस धरायचा. मुलगी करिष्मा शाळेत जायला लागली तेव्हा दोघांनी तोड सोडली. सुग्रीव परळीत एका मिस्त्रीच्या हाताखाली फरशी बसवायला शिकला आणि वडवणीजवळच्या आपल्या वस्तीवर राहून आसपासच्या गावांतली कामं घेऊ लागला. गीताबाई त्याच्याबरोबरच असायची. माल कालवणं, फरशी उचलून देणं, सांधे पुसणं तिच्याकडं. लेव्हल आणि कटर त्याच्याकडं.

पुढं जे झालं ते मला त्या दोघांनीच सांगितलं. सांगताना सुग्रीव मध्येमध्ये उठून बाहेर जात होता. गीताबाई मात्र बसून राहिली आणि सगळं सांगितलं.

तेलगावला भगवानराव नावाच्या बागायतदाराच्या नव्या घराचं काम होतं. पूर्वी लोक दोन फुटाच्या फरशीवर खूश असायचे. आता सगळ्यांना दाराच्या फळीएवढी टाइल हवी असते, सांधा दिसायलाच नको. त्या दिवशी सकाळी हॉलमधली अशीच एक टाइल दोन भरल्या पोत्यांवर आडवी टाकली होती. सुग्रीव उकिडवा बसून उजव्या हातातल्या कटरनं ती कापत होता आणि डावा हात टाइलवर दाबून धरला होता. कटरचं झाकण त्यानं केव्हाच काढून टाकलं होतं, झाकणामुळं रेघ दिसत नाही म्हणून. बटणाची खिट्टीही लावलेली होती. खिट्टी लावली की बोट काढलं तरी मशीन चालूच राहतं, हात दुखत नाही. गीताबाईनं टाइलचं दुसरं टोक धरलं होतं.

काप अर्ध्याच्या पुढं गेला आणि आवाज बदलला. इतका वेळ कर्कश एकसुरी चाललेला आवाज एकदम दबला, घोगरा झाला. गीताबाईनं मान वर केली तोवर कटर मागं उसळून सुग्रीवच्या डाव्या हातावर आलं होतं.

तो ओरडला नाही. हात पोटाशी धरून नुसता मागं बसला. कटर त्याच्या हातातून सुटून खाली पडलं, पण थांबलं नाही. खिट्टी लावलेलीच होती. पातं फरशीला टेकलं की मशीन उडी मारायचं, पुन्हा टेकायचं, पुन्हा उडी मारायचं, आणि असं करत ते गीताबाईच्या अनवाणी पायांकडं येऊ लागलं.

"मी पळाले न्हाई," ती मला म्हणाली. "ह्यांच्याकडं बी गेले न्हाई. बटण भिंतीवर व्हतं, हात पुरला असता. माझे पायच हलले न्हाईत. नुसती बघत उभी."

शेवटी मशीनची वायर ताणली गेली आणि पिन आपोआप निसटली. पातं फिरत फिरत तिच्या पायांपासून वीतभर लांब थांबलं. तेव्हा कुठं तिचे पाय सुटले. तिनं पदर फाडून सुग्रीवचा हात मनगटाच्या वर आवळला. भगवानरावांनी गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी हात वाचवला, पण शिरा तुटल्या होत्या. जखम भरली तरी डाव्या हाताची बोटं मिटेनात. उजव्या हातात करणी धरून माल ओढता येई, लेव्हल बघता येई. मशीन धरणं मात्र संपलं.

दवाखान्यातून आल्यावर गीताबाईला आवाजाची भीती बसली. वस्तीत कुणी मोटारसायकल जोरात सुरू केली की तिच्या हातातलं भांडं पडायचं. पिठाच्या गिरणीत ती जाईनाशी झाली, दळण करिष्मा आणायची. एकदा शेजारच्या घरी लोखंडी दरवाज्याचं काम निघालं. ग्राइंडरचा आवाज येताच ती घराच्या मागं जाऊन दोन्ही कानांवर हात धरून बसली, आणि आवाज थांबून बराच वेळ झाला तरी तिला हात काढवेनात.

तेलगावचं काम तसंच पडलं होतं. भगवानराव घाई करत नव्हते, पण त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंना त्या अर्धवट हॉलकडं बघवत नव्हतं. सुग्रीवनं कापायला माणूस शोधला. एक जण येतो म्हणाला आणि आला नाही. दुसरा आला, टाइलचा आकार बघून आणि तिथं काय झालं होतं ते ऐकून परत गेला. त्या संध्याकाळी सुग्रीव ओट्यावर बसून गुडघ्यावरच्या डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून मिटवत होता. सोडली की ती पुन्हा उघडत होती.

ते बघून गीताबाई म्हणाली, "मी कापते."

सुग्रीवनं वर पाहिलं आणि तो म्हणाला, "तुला तर गिरणीचा आवाज सोसंना."

"सोसंना," ती म्हणाली. "पण त्या कटरनं न्हाई कापायची. ते मी घरात बी ठिवणार न्हाई. दुसरं बघू."

जुनं कटर तिनं भंगारवाल्याला दिलं. पिशवीतसुद्धा तिनं ते स्वतः घातलं नाही, भंगारवाल्यालाच उचलायला लावलं.

मशीन घ्यायला दोघं एसटीनं परळीला गेले. तिथं सोमनाथ म्हणून एकाचं मशिनरीचं दुकान आहे, सुग्रीव त्याच्याकडूनच ब्लेड न्यायचा. दुकान मोठ्या रस्त्यावर आहे. वीज केंद्रातल्या राखेचे टँकर सतत जात असतात, त्यामुळं काउंटरवर सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत राखेचा थर बसतो. सोमनाथनं सुग्रीवचा हात बघितला आणि काही न विचारता पाणी मागवलं.

सुग्रीवला हातातलंच मशीन हवं होतं, फक्त मोठं, मोठ्या ब्लेडचं. त्याला सवय त्याच प्रकारची होती, आणि बायकोला शिकवायचं तर आपल्याला येतं तेच शिकवता येईल असं त्याला वाटत होतं. सोमनाथनं ते खोक्यातून काढलं, पिन लावली आणि दाखवायला म्हणून बटण दाबलं.

सुग्रीवनं वळून पाहिलं तर गीताबाई दुकानात नव्हतीच. ती रस्त्यापलीकडं जाऊन उभी होती. मधून टँकर जात होते आणि ती रस्ता कसा ओलांडून गेली हे तिचं तिलाही आठवत नव्हतं. सुग्रीव धावत तिच्यामागं गेला. परत जाऊ, असं तो म्हणाला. काम सोडून देऊ, पुन्हा तोडीला जाऊ, एका हातानं मोळ्या तरी बांधीन म्हणाला. तिनं नाही अशी मान हलवली, पण तिचं पाऊल पुढं पडेना. बऱ्याच वेळानं तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि तसंच धरून रस्ता ओलांडला.

सोमनाथ शहाणा माणूस. त्यानं मशीन बंद करून ठेवलं होतं. तो म्हणाला, "मावशी, आता तुमी सांगितल्याबिगर मी बटण दाबणार न्हाई. आधी नुसती बघा."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत त्यानं तीन प्रकारची मशिनं मांडली. एक ते हातातलं. दुसरं टेबलाचं, खाली पाण्याची टाकी, वर पातं एका जागी फिरतं आणि दगड त्याच्याकडं ढकलायचा. तिसरं लांब पट्टीवरचं. पट्टी रबरी वाट्यांनी टाइलला घट्ट चिकटवायची आणि मशीन रुळावरच्या गाडीसारखं त्या पट्टीतून पुढं सरकवायचं.

गीताबाईनं मशिनं किती जोराची आहेत ते विचारलंच नाही. तिनं प्रत्येक मशीनपाशी एकच गोष्ट विचारली. माझ्या हातातून सुटलं तर काय होईल?

हातातल्या मोठ्या मशीनला सोमनाथनं अंगठ्यानं एक बटण दाबून दाखवलं. हे दाबलं की धरून ठेवायची गरज नाही, हाताला आराम, असं तो सांगत होता आणि सुग्रीव मान खाली घालून ऐकत होता. गीताबाई दोन पावलं मागं सरकली आणि म्हणाली, हे नको.

टेबलाचं तिला आधी बरं वाटलं. ते उसळणार नाही, जागचं हलणार नाही. पण मग तिनं दोन्ही हात पुढं करून हवेतच दगड ढकलून पाहिला. हात पात्याकडं चालले होते. आणि दाराएवढा दगड त्या टेबलावर घालायचा तर दोन्ही बाजूंना लोंबणार. तो धरायला दोन माणसं हवीत, आणि तिच्याबरोबरच्या माणसाला धरायला एकच हात होता. हे तिनं मोठ्यानं म्हटलं नाही. सुग्रीवनंच म्हटलं.

राहिलं पट्टीवरचं. दगड जागेवर पडलेला, मशीन चालणारं, दोन्ही हात मशीनच्या मुठींवर, पात्याच्या मागं. झाकण पक्कं बसवलेलं, काढायचं म्हटलं तर पाना लागणार. पाण्याची बारीक नळी पात्यावर सोडलेली, म्हणजे धूळ उडणार नाही. त्याला खिट्टी नव्हतीच.

"हे उडत न्हाई का?" तिनं विचारलं.

"उडतच न्हाई असं मी म्हणणार न्हाई," सोमनाथ म्हणाला. "पातं दगडात आवळलं तर हे बी मागं रेटतं. पण पट्टी सोडून अंगावर यायला त्याला जागा कमी हाय. आन तुमी बोट काढलं की ते थांबतं."

"दाखवा."

सोमनाथनं तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग फुटक्या ग्रॅनाइटचा एक तुकडा घेऊन बटण दाबलं. गीताबाईनं डोळे मिटून घेतले, पण या वेळी ती पळाली नाही. सुग्रीवच्या दंडावर तिची नखं रुतली होती. सोमनाथनं बटण सोडलं. आवाज उतरत गेला आणि पातं थांबलं. तिनं पुन्हा दाखवायला सांगितलं. पुन्हा. नंतर डोळे उघडे ठेवून. सोमनाथनं एकदाही कंटाळा केला नाही.

मशीन महाग होतं. तरी त्यांनी तेच घेतलं. निघताना तिला एकदम दुसरीच भीती सुचली. हे पाण्यावर चालतं आणि विजेवरही चालतं, मग करंट उतरला तर? सोमनाथ म्हणाला की तुम्ही विचारलं नसतं तरी मी दिलंच असतं, आणि त्यानं एक पेटीबोर्ड काढला. करंट गळायला लागला की त्यातलं बटण आपोआप पडतं आणि वीज तुटते. खरंच पडतं का हे बघायला त्यावर एक लहान बटण असतं. ते रोज काम सुरू करायच्या आधी दाबून बघायचं, पायात रबरी बूट घालायचे आणि उभं राहायचं ते कोरड्या फळीवर, असं त्यानं तिला बजावलं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी तिनं मशीन अंगणात मांडलं, मुठी धरल्या आणि उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं आणि लगेच सोडलं. दिवसभर नुसतं तेवढंच. दाबायचं, सोडायचं. वस्तीवरच्या बायका बघायला जमल्या तेव्हा तिनं त्यांना परत पाठवलं. मग सुग्रीवनं फुटक्या टाइला आणल्या. तो शेजारी बसून सांगायचा, रेटू नको, पात्याला त्याच्या चालीनं जाऊ दे, दगड जाड असला तर एकदम खोल जाऊ नको, दोन-तीन फेऱ्यांत उतर. त्याचा डावा हात तेव्हा मांडीखाली दाबून ठेवलेला असायचा.

तेलगावला गेले तेव्हा भगवानराव दारातच आडवे आले. ते रागावले नव्हते, घाबरले होते. हॉलमधली ती जागा सावित्रीबाईंनी किती तरी वेळा धुवून घेतली होती, नारळ फोडला होता. आता तिथंच एक बाई मशीन चालवणार हे त्यांना पटेना. "गीताबाई, तुमाला माझ्या घरात काय झालं तर मी कुठं तोंड दाखवू?" ते म्हणाले.

गीताबाईलाही तेच वाटत होतं. ती म्हणाली, "मालक, भ्या मला बी वाटतं. पण काम आमचं हाय. अर्धं ठिवून जाता येत न्हाई."

शेवटी सावित्रीबाई म्हणाल्या, करू द्या. भगवानराव बाहेर गेले आणि त्यांनी गाडी वळवून तोंड रस्त्याकडं करून ठेवली. किल्ली गाडीलाच. स्वतः ओसरीत बसून राहिले. खिडकीतून गाडी दिसत होती, आणि ती तशी उभी का आहे हे गीताबाईला कळलं. तिनं बूट घातले, फळी ठेवली, पेटीवरचं लहान बटण दाबलं. खट्ट करून वीज तुटली. पुन्हा चालू केली.

हॉलच्या टाइला कापल्या गेल्या. चांगल्या कापल्या. दर कापानंतर ती बाहेर जाऊन पाणी प्यायची आणि लुगड्याला हात पुसायची. सुग्रीव उजव्या हातानं माल ओढून टाइल बसवायचा. हॉल पुरा झाला आणि स्वयंपाकघराचा ओटा राहिला. त्यासाठी काळा ग्रॅनाइट आणला होता, लांबलचक आणि जड. भगवानरावांच्या शेतावरचे गडी बोलावून तो उचलून ठेवला. खाली सुग्रीवनं थर्माकोलच्या जाड पाट्या मांडल्या होत्या.

पहिली फेरी उथळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या फेरीत दगड तुटत आला होता, काळं चिकट पाणी फळीपर्यंत वाहत होतं, आणि आवाज बदलला.

तोच आवाज. दबलेला, घोगरा.

मशीननं मुठींना मागं एक हिसका दिला. गीताबाईनं बोटं सोडली. तिनं ठरवून सोडली नाहीत, ती सुटली. वीज तुटली आणि पातं दगडात आवळून तिथल्या तिथं उभं राहिलं. खोलीत फक्त नळीतून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. ओसरीवरून भगवानराव धावत आले, त्यांच्यामागं सावित्रीबाई. गीताबाई फळीवर उभी होती, दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केलेले. तिला ते खाली घेता येत नव्हते. सावित्रीबाईंनीच तिचे हात धरून खाली आणले आणि तिला भिंतीपाशी बसवलं.

सुग्रीवनं पिन काढली आणि पालथा झोपून दगडाखाली पाहिलं. उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बरोबर कापाखाली, कापून निघणाऱ्या बाजूला एक पाटी कमी होती. ती उचलताना मोडली होती आणि चालून जाईल म्हणून त्यानं दुसरी घातली नव्हती. दगड तुटत आला तसा तो कापापाशी खाली वाकला आणि कापाच्या दोन्ही कडांनी पातं चावलं.

"त्या दिवशी बी असंच झालं असणार," तो हळू बोलला. "दोनच पोती व्हती टाइलखाली, मधी रिकामं. मी आपलं म्हणत व्हतो, हात घसरला. नशीब म्हणत व्हतो."

गीताबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिला तो आवाज आठवत होता. इतके दिवस तो कुठूनही, कधीही, कशानंही येईल असं तिला वाटत होतं. आता तो कशानं येतो हे तिला दिसलं होतं. भीती तेवढीच होती, पण ती आता दगडाखालच्या त्या मोकळ्या जागेत होती.

ती उठली. गड्यांना दगड किंचित उचलायला सांगून तिनं स्वतः पाट्या सरकवल्या, दोन्ही टोकांना, मधे, कापाच्या अलीकडं आणि पलीकडं. प्रत्येक ठिकाणी हात घालून चाचपलं. सुग्रीव मोकळा उजवा हात पुढं करून उभा होता, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. मग ती पुन्हा फळीवर गेली. भगवानराव या वेळी ओसरीवर गेले नाहीत. दारातच थांबले, चौकट धरून.

शेवटचा काप पुरा झाला तेव्हा तुटलेला तुकडा जागचा हललासुद्धा नाही. दोन दगड शेजारीशेजारी पडले होते, मधे केसाएवढी फट. गीताबाई मागच्या दारानं बाहेर गेली आणि तिला उलटी झाली.

त्या ओट्यावर पहिला स्वयंपाक झाला त्या दिवशी सावित्रीबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. आता भीती गेली का, असं त्यांनी तिला वाढता वाढता विचारलं. गेली नाही, ती म्हणाली. रोज मशीन मांडताना हात गार पडतात. पण आता ती घाबरते आणि मग खाली वाकून बघते. त्यानंतर परळीचं एक मोठं काम तिनं सोडून दिलं, कारण तिथला ठेकेदार म्हणाला पाण्यानं चिखल होतो, सुकंच कापा. सुग्रीव घरी आल्यावर थोडा कुरकुरला. तिनं ऐकून घेतलं.

तिच्याबद्दल ऐकून मी पहिल्यांदा तिला भेटायला गेलो तेव्हा वडवणीत एका मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांचं काम चाललं होतं. दगडाच्या ढिगाजवळ सावली होती, मी तिथं जाऊन बसलो. तिनं नमस्कार केला, कोण कुठले ते विचारलं, आणि मग पात्याच्या रेषेकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं.

"तिथं नका बसू," ती म्हणाली. "हिकडं या, माझ्या बाजूला. लांब."

मी उठून तिनं दाखवलं तिथं गेलो. ती वाकून दगडाखाली हात फिरवत होती. सुग्रीव पलीकडच्या बाजूनं तेच करत होता. दोघांनी एकमेकांकडं बघून मान हलवली, तिनं बटण दाबलं, आणि मी माझ्याही नकळत एक पाऊल मागं सरकलो.